कमावते किती?

पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून त्याची सायकल थेट आत आली, आणि मी ओटीतला कापूस सावरत उभी राहिले. सायकल कोणी वावरात घालतं का?

"टिकारामजींचं घर..." त्याला धाप लागली होती.

"घर गावात राह्यते. हे वावर हाये."

तो हसला. नाचणगावचा प्रेमदास, नागपूरला अर्थशास्त्र शिकून सरकारी पाहणीत लागलेला. आधी त्याच्या गावात, आता आमच्या रोहण्यात घरोघर जाऊन कोण काय काम करतं ते लिहायचं, ही त्याची नोकरी. मी वाट दाखवायला सोबत गेले. खरं सांगते, वाट सरळच होती.

टिकारामजी म्हणजे माझे बाबा; ते ओट्यावर होते. दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतल्यापासून ते दारी आलेल्याला मोठ्याने जयभीम करायचे. तो झाला, पाणी झालं. मी दाराआड उभी राहिले.

"घरात मानसं किती?"

"दोन. मी अन् कांता. तिची माय वारली."

"कमावते किती?"

"मी एकटाच."

"पोरगी काय करते?"

"काई नाई. घरीच असते."

 पहाटे दळण, मग विहीर, मग दिवसभर वेचणं, बोंडांनी सोललेली बोटं... आणि काही नाही? बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, याचाच मला धक्का बसला. प्रेमदासने लिहूनही घेतलं.

दोन दिवसांनी तो बांधावरून चालला होता. मी सोडते होय.

"तुमी तसं लिवलं काऊन? मले वेचताना पाह्यलं होतं ना?"

"नियम हाये... कर्ता सांगन तेच लिवायचं."

"अन् मी शेजारच्या सुंदराबाईच्या वावरात मजुरीनं वेचला असता तं?"

"तं तुमी कमावत्या."

"कापूस तोच. बोटं तीच."

"मजुरी दिसते. घरचं काम कोनी इकत घेत नाई, म्हनून पुस्तकात त्याले किंमत नाई..." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "काल घरी गेलतो. मायच्या नावापुढं मीच लिवलं हाये, काम नाई."

"मायले सांगतलं?"

"सांगतलं. तिनं मले जेवाले वाढलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी मी त्याच्या प्रेमात पडले, आणि ते मला तिथेच, बांधावर, कळलं.

मग तो येतच राहिला.

"तुमच्या घरची माहिती अपुरी हाये," एकदा म्हणाला.

"काय राह्यलं?"

"तुमाले चहात साखर किती लागते..."

"हे कोनं इचारलं? सरकारनं?"

"मी."

पाहणी संपायच्या आदल्या दिवशी तो आईला, शकुबाईंना, घेऊन आला. त्यांनी बाबांकडे सरळ मागणी घातली. मी दाराआडून ऐकत होते.

"पोरगा चांगला हाये," बाबा म्हणाले. "पन जमत नाई."

"काऊन, दादा?"

"कांता गेली तं वेचाई कोन करन? वावर कोन पाह्यन? तिच्याबिगर आठ दिवस घर नाई चालनार माह्यं."

बोलले, आणि त्यांची नजर प्रेमदासच्या वहीवर गेली. आपलंच बोलणं ऐकून माणूस इतका हादरतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. प्रेमदासने मान खाली घातली. तो जिंकल्यासारखा हसला नाही, म्हणून मला आणखी आवडला.

मी बाहेर आले. "बाबा, मंग मी काय करतो?"

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. डोळे भरले.

"सारं तूच करतं, बाई." मग प्रेमदासकडे वळले. "खोड ते, बापू. कमावते दोन, असं लिव."

"अन् लग्नाचं, दादा?" शकुबाईंनी हळूच विचारलं.

"ते तिले इचारा. कमावते दोन असल्यावर मी एकटा कसा सांगू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. असं मला त्या घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं... इतक्या मोठ्याने की मीच दचकले.