दिलेल्या पाण्याचं माप

इचलकरंजीच्या त्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यात पाळी सुरू झाली की प्रत्येक कामगार छातीवर एक बिल्ला लावी. त्याचं नाव दायित्वमापक. नळातून किती नवं पाणी घेतलं, वाफ किती वापरली, शेजाऱ्याला कधी हात दिला, हे सगळं तो टिपे आणि संध्याकाळी त्यावर एक आकडा उमटे.

सुगंधा म्हेत्रेचा आकडा एकसष्ट. नसीमा मुजावरचा त्र्याण्णव.

"आज पण तुझाच सत्कार का ग?" सुगंधाने विचारलं.

"करा की अक्का. पण झेंडूचा हार नको, शिंका येतात," नसीमा हसली.

ते हसू सुगंधाला झोंबलं. एकोणीस वर्षं ती फिक्या रंगांच्या हौदावर होती. फिक्या कापडाला नवंच पाणी लागतं. तिच्या शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ नितळ असे. ते ती नसीमाच्या हौदात सोडी आणि गडद कापडाचं पहिलं धुणं त्यात निघे. कारखान्याची ही जुनी रीत. पाण्याच्या बाबतीत मापक मात्र फक्त नळ मोजायचा. देणारीच्या नावावर वापर, घेणारीच्या नावावर बचत! आणि तिमाहीअखेर दोघींपैकी जिचा आकडा मोठा, ती रंगमास्तर होणार होती.

एका सोमवारी सुगंधाने ते पाणी गटारात सोडलं.

"अक्का, पाणी येईना झालंय."

"माझं आज गढूळ आहे. तू नवं घे."

तीन आठवडे पाणी गढूळच राहिलं. नसीमा अठ्ठावन्नावर घसरली. सुगंधा एकसष्टावरच होती. तिमाही संपली आणि ती मास्तर झाली.

"तुम्हीच व्हायला हवं होतं," नसीमा म्हणाली. "माझा आकडा तुमच्याच पाण्यावर होता, अक्का."

सुगंधा हौद धुवायला वळली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक कवठेकरांनी तिला बोलावलं. "मास्तर, कारखान्याचं एकूण पाणी वाढलंय, पण मापकाला कारण सापडत नाही. आपण काय मोजायचं विसरलो?"

"नवं माप घातलं, तर मागचं काय होईल, साहेब?"

"हौदांच्या पातळ्या नोंदलेल्या आहेत, फक्त मोजणीत धरत नव्हतो. सगळी तिमाही नव्याने मोजली जाईल, कुणाचं पाणी कोणत्या दिवशी कुठे गेलं तेही दिसेल."

संगणकाच्या पडद्यावरच्या रिकाम्या ओळीत सुगंधाने हळूहळू लिहिलं : दुसऱ्याला दिलेलं पाणी. मग तिचं बोट बटणावर थांबलं.

"बरोबर लिहिलंत की!" कवठेकर म्हणाले. "मग दाबा ना, मास्तर. कसला विचार करताय?"