बाबांना सायकल येत नाही

डायलिसिस होऊन घरी आले की बाबा बुटांसकट पलंगावर पडायचे. बूट मी काढायचे, त्यांना पत्ताही नसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जरा माणसात यायचे, तोवर पुढच्या डायलिसिसची वेळ झालेली.

"चार तास सुयांना बांधून घ्यायचं आणि उरलेला दिवस ओंडक्यासारखं पडायचं," ते एकदा म्हणाले. "बास झालं. मी आता जाणार नाही."

थांबवलं तर काय होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "आधी थकव्याचं काही होतंय का बघू, मग ठरवा," असं म्हणून मी त्यांना कसंबसं राजी केलं.

थकव्यावर सिस्टरांनी सांगितलेलं सगळं करून झालं. पाणी मोजून, आल्यावर थोडंसं खाणं, तासभरच झोप, संध्याकाळी गच्चीत चार पावलं. ढिम्म फरक नाही. मग डायलिसिस सेंटरमधल्या फिजिओथेरपिस्टनं बाबांच्या खुर्चीपुढे लोखंडी स्टँडवर बसवलेली पायडलं आणून ठेवली. मशीन चालू असताना पाय हळूहळू फिरवायचे, म्हणजे नंतर एवढं गळून जायला होत नाही, म्हणाला. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत बसलेला माणूस, सायकलवर कधी टांग टाकलेली नाही. "या वयात शिकवताय होय?" असं कुरकुरले, पण पाय ठेवले.

आणि गुण आला! बाबा घरी येऊन स्वतःचे बूट स्वतः काढायला लागले. शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ उघडून बसले. माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवली. मला इतका आनंद झाला की मी उलटून बोललेसुद्धा नाही.

पायडल मारता मारता त्यांचा डोळा लागायचा. जागे झाले की सांगायचे, "आज पुलापर्यंत गेलो." नाहीतर, "रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना झाडं. थोडा चढ लागतो." मी शाळेत गणित शिकवते, असल्या गोष्टींशी माझा छत्तीसचा आकडा. ब्लडप्रेशर उतरत असेल म्हणून सिस्टरांना तपासायला लावलं. व्यवस्थित होतं.

मग थकवा परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. गाडीतून उतरवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागली.

"चढ वाढला की काय?" मी थट्टेनं विचारलं.

"चढाचं काही नाही गं. मागे कुणीतरी बसतंय."

फिजिओथेरपिस्टनं पायडलं अगदी सैल करून दिली. माझ्या एका बोटानं ती गरगर फिरली. बाबांच्या पायाखाली मात्र करकरत, अडत अडत फिरत होती, आणि झोपेतही त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

शेजारच्या खुर्चीत एक मावशी असायच्या. शुगरपायी दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. डायलिसिस संपलं की पूर्वी त्यांना झोपेतच व्हीलचेअरवर घालून न्यावं लागे. हल्ली टवटवीत दिसायच्या. त्या दिवशी खिडक्या बंद, पंखाही बंद, तरी त्यांचे केस पार विस्कटले होते.

"फणी आहे का गं?" त्या म्हणाल्या. "वारा फार लागला आज."

मी पर्समधली फणी दिली. भांग पाडता पाडता त्या म्हणाल्या, "तुझे बाबा चालवतात छान. वाटेत बोलत मात्र नाहीत."

मी तडक जाऊन फिजिओथेरपिस्टला पायडलं काढायला सांगितलं. त्यानं कारण विचारल्यावर मी म्हणाले, "त्यांना झेपत नाहीत." खोटं नव्हतं ते.

पुढच्या वेळी स्टँड नव्हता. बाबांना लगेच झोप लागली. चादरीखाली पाय अगदी स्वस्थ होते. माझा जीव भांड्यात पडला.

मावशी डोळे मिटूनच हसल्या.

"बरं झालं काढलंस. आता उतारच आहे. पायडल मारावंच लागत नाही."

बाबांच्या मशीनचा अलार्म वाजला. सिस्टर धावत आल्या. सुया असलेल्या हाताची मूठ बाबांनी घट्ट आवळली होती. दुसऱ्या हाताचीही. बोटं पांढरी पडली होती.

"काका, मूठ सोडा. रक्त अडतंय."

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"ब्रेक लागत नाहीयेत," ते म्हणाले.