फोन पुसला त्या शनिवारी

‘वाचनालयात काय करतेयस? तुला कधीपासून पुस्तकांचं वेड लागलं?’

मेसेज तिने पुन्हा एकदा वाचला. ती वाचनालयाच्या जिन्याशी उभी होती. केस अजून ओले, खांद्यावर तरणतलावाच्या पाण्याचा वास मारणारी पिशवी. सकाळचा लहान मुलांचा पोहण्याचा वर्ग घेऊन ती ताईचं पुस्तक परत करायला आली होती – वाटेत अचानक आठवलं म्हणून. ताईलासुद्धा तिने सांगितलं नव्हतं.

मग त्याला कसं कळलं?

दोन वर्षं ठरलेलं लग्न मोडून तीन-चार महिने झाले होते. मोडलं तिनेच. पण तो काही पाठ सोडत नव्हता. चपलांच्या दुकानाबाहेर उभा, बेकरीच्या रांगेत मागे उभा... आणि प्रत्येक वेळी तेच गोड हसू, ‘काय योगायोग!’ घरी आई म्हणायची, गाव केवढंसं, भेटायचाच. तिलाही हळूहळू वाटायला लागलं होतं, आपलंच डोकं फिरलंय.

काचेच्या दरवाजातून रस्त्याकडे बघवेना. ती वळली आणि समोर जे दार दिसलं ते ढकलून आत शिरली.

आत एक लांबलचक टेबल. टेबलावर वायरींचं जंजाळ, जुनेपाने फोन, दोन लॅपटॉप, आणि भोवती वेगवेगळ्या वयाची पाच-सहा माणसं. भिंतीवर हाताने लिहिलेला कागद : ‘जुन्या फोनला नवा जीव. दर शनिवारी.’

टेबलाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्याने मान वर केली. “या, बसा. बॅकअप घेतलाय?”

“कशाचा?”

“आयुष्याचा असेल तर माझ्याकडे सोय नाही. फोनचा विचारत होतो.”

एरवी ती हसली असती. पण तिने हातातला फोन टेबलावर पालथा घातला, तापलेलं भांडं ठेवावं तसा. “हा... हा फोन मला बघतोय,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच वाटलं – झालं, आता हसणार सगळे.

चष्मेवाला हसला नाही. त्याने शेजारची खुर्ची ओढली, तिच्यासमोर पाण्याची बाटली सरकवली आणि एवढंच विचारलं, “फोन नवा घेतला तेव्हा लावून कुणी दिला होता?”

“माझ्या... ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने. फोन माझाच आहे हं! माझ्या पहिल्या पगाराचा. पण तो म्हणाला, तुला त्यातलं काय कळतंय, आण इकडे.”

“मी बघू? की तुम्हीच दाबताय? मी सांगतो कुठे दाबायचं.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. परवानगी मागणारा माणूस पाहून बराच काळ लोटला होता.

तो सांगत गेला, ती दाबत गेली. सेटिंग्जच्या पोटात आणखी एक पोट, त्यात आणखी एक... आणि तिथे ते सापडलं. तिच्या खात्यात दुसरा एक फोन कायमचा जोडलेला होता. ती जाईल तिथलं ठिकाण दिवसरात्र त्या फोनवर जात होतं. फोन लावून दिल्याच्या पहिल्या दिवसापासून.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाला गडबडला. “अहो... वाईट वाटणारच, पण–”

“वाईट नाही हो,” ती हुंदका आणि हसू एकदमच गिळत म्हणाली, “बरं वाटतंय! म्हणजे मी वेडी नाहीये!”

“मुळीच नाही. आधी या पानाचे फोटो काढून घ्या, माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर. उद्या तक्रार करायची झाली तर लागतील. मग हे खातं तोडू. फोन टाकून द्यायचा की ठेवायचा?”

“टाकू कशाला? माझा आहे.”

“मग मुळापासून पुसू,” तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला, खोड्या काढायला मिळालेल्या मुलासारखा. “आत्ता यात कंपनीची यंत्रणा आहे. ती काढून दुसरी घालायची. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं अशी. खातं नसलं तरी चालते. कुणाला काही कळवत नाही.”

“पोटात ठेवते म्हणा.”

“माझ्या आईपेक्षा बरीच जास्त.”

आता मात्र ती हसली. खळखळून. शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमनकाकांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये डोकं घातलं.

आधी फोटो लॅपटॉपवर उतरवले. पाण्यात पहिल्यांदा हात सोडून तरंगणारी पोरं, ताईच्या लेकीचे दात पडल्यानंतरचं हसू. “हे दात माझ्या खात्यातले,” तो म्हणाला. तेव्हा कळलं, तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्य मापं पाठवणार आणि हा आपल्या खोलीत बसून आधी मेणाचे, मग पक्के दात घडवणार. शनिवार तेवढा फोनसाठी.

“म्हणजे तुम्ही माणसाचं तोंड बघून दात ओळखता?”

“उलटं. दात बघून माणूस ओळखतो.”

“मग माझे काय सांगतात?”

त्याने चष्मा वर सरकवला. “सांगतात... की बरेच दिवस बाहेर पडले नव्हते.”

कान गरम झाले तिचे. ओले केस असूनसुद्धा.

मग फोनमधलं कंपनीचं कुलूप तोडायची वेळ आली. फोनवर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत इशारा : पुढे गेलात तर यातलं सगळं पुसलं जाईल. परत मिळणार नाही. चष्मेवाल्याने हात मागे घेतला. “हे बटण तुमचं.”

तिने श्वास घेतला, पोरांना खोल पाण्यात पहिली उडी मारायला सांगताना घ्यायची तसा. आणि दाबलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी पळाल्या. नवी यंत्रणा केबलमधून थेंब थेंब फोनमध्ये उतरली. फोन बंद झाला, थरथरला, नवं चिन्ह उजळलं... आणि फिरतच राहिलं. फिरतंय... अजून फिरतंय...

“पहिल्यांदा वेळ लागतो,” तो म्हणाला.

बऱ्याच वेळाने तो पुन्हा म्हणाला, “इतका नाही लागत.”

ती फोनवर वाकली. “मेला का?”

त्याने कपाळाला हात लावला, पायऱ्या बोटांवर मोजल्या आणि तिसऱ्या बोटावर अडकला. “मेला नाही. मीच मूर्ख. नवं घालण्याआधी जुन्याची उरलीसुरली जागा साफ करायची असते. ती पायरी राहिली.”

“का राहिली?”

“काही नाही... राहिली.”

“इतके फोन पुसता ना तुम्ही?”

“हो. पण तेव्हा समोर पोस्टमनकाका असतात,” तो फोनकडे बघत पुटपुटला, “ते असे हसत नाहीत.”

काकांनी मान वर न करता खाकरून दाखवलं.

पुन्हा पुसला, पुन्हा घातलं. चिन्ह उजळलं, दोन गिरक्या घेतल्या आणि पडदा स्वच्छ उघडला : भाषा निवडा. तिने यादी खाली सरकवत मराठी शोधली आणि बोट ठेवलं. खांदे आपोआप खाली आले. आजवर आपण ते कानापर्यंत ओढून धरले होते हे तिला तेव्हा कळलं.

“आता पासवर्ड घाला,” चष्मेवाला म्हणाला, आणि खुर्चीसकट गर्रकन भिंतीकडे वळला. नुसती मान नाही वळवली, अख्खा माणूस पाठमोरा झाला. मान खाली, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

ती त्या पाठीकडे बघत राहिली. शर्टाची शिवण खांद्यापाशी उसवली होती. त्या उसवलेल्या शिवणीपाशी तिच्या मनाचं काहीतरी झालं... काय झालं ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

“झालं?” भिंतीने विचारलं.

“हं... झालं.”

निघताना तिला वाटलं, हा आता नंबर मागेल. त्याने मागितला नाही. “काही अडलं तर शनिवारी आम्ही इथेच असतो,” एवढंच म्हणाला. आम्ही म्हणे!

सोमवारी ताई तणतणत आली. “त्याचा फोन आला होता मला. म्हणतो, तिच्या फोनला काय झालंय, दोन दिवस ती कुठेच दिसत नाहीये. मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे? तू बघत कुठे होतास? तर त-त-प-प करायला लागला मेला.”

“मग?”

“मग काय, म्हटलं, फोटो काढून ठेवलेत सगळ्याचे. पुन्हा तिच्या वाटेला गेलास तर मी ते घेऊन पोलिसात जाईन आणि मग तुझ्या आईकडे. पोलिसांचं त्याला काही वाटलं नाही, आईचं नाव काढल्यावर फोन ठेवला.”

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती जवळ आली आणि लेकीच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिली. “मी आपली गाव लहान, गाव लहान करत बसले,” एवढंच शेवटी म्हणाली.

तो पुन्हा कुठे भेटला नाही. बेकरीच्या रांगेत मागे वळून बघायची सवय सुटायला थोडे दिवस गेले, पण सुटली. ती चालता चालता गुणगुणायला लागली.

आणि दर शनिवारी तिचं अडायला लागलं. एकदा आवाज कमी येतो म्हणून. एकदा अक्षरं बारीक दिसतात म्हणून. मग ताईचा जुना फोन घेऊन गेली, मग भावोजींचा. चष्मेवाला सगळे फोन मनापासून दुरुस्त करायचा, कॉफी आणायचा, तिचा पोरांना हाका मारून मारून बसलेला घोगरा आवाज ऐकून हसायचा, आणि निघताना तेच : “शनिवारी असतो आम्ही.” शेवटी तिने आईच्या फोनला हात घातला तेव्हा आई म्हणाली, “माझा फोन ठणठणीत चाललाय. तू आपली त्या कवळीवाल्याला घरी घेऊन ये, म्हणजे सगळ्यांचे फोन वाचतील.”

त्या शनिवारी ती रिकाम्या हाताने गेली. बाहेर भुरभुर पाऊस होता, बाकीची मंडळी लवकर पांगली होती. तो वायरी गुंडाळत होता.

“आज काय बिघडलं?” त्याने विचारलं.

“काही नाही. घरातले फोन संपले.”

त्याच्या हातातली वायर सुटली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “इतके शनिवार झाले. तुम्ही मला काहीच का विचारत नाही? नंबर नाही, कुठे राहते नाही, उद्या काय करते नाही... आवडत नाही का मी तुम्हाला?”

“आवडत नाही?” तो खाली वाकून वायर शोधत बसला, कारण वर बघायची हिंमत नव्हती. “शुक्रवारी माझ्या हातून एका आजोबांच्या कवळीत अठ्ठाविसाऐवजी एकोणतीस दात बसत होते... पण तुम्हाला दोन वर्षं कुणीतरी सतत विचारतच होतं ना. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस. म्हटलं, आणखी एक विचारणारा कशाला. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही सांगाल. नाही वाटलं तर... नाही.”

  ती टेबलाला वळसा घालून गेली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि टेबलाखालची वायर उचलून त्याच्या हातात दिली. हात मात्र सोडला नाही.

“मग ऐक,” ती म्हणाली. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघांनाही कळलं नाही. “उद्या सकाळी माझा वर्ग संपला की मी तरणतलावाच्या मागच्या दाराने बाहेर येते. तिथून नदीकाठाने चालत घरी जाते, लांबच्या वाटेने. घरी आई आहे, तिला तुला बघायचंय. हे सगळं मी तुला आपणहून सांगतेय. कळतंय का?”

“कळतंय,” तो म्हणाला. आवाज त्याचाही बसला होता. “मी येऊ?”

“नाहीतर कशाला सांगतेय, वेड्या!”