खिशातले हात

मध्यंतर वीस मिनिटांचं होतं, आणि तिच्या चष्म्याची उजवी दांडी सुटून हातात आली होती.

सभागृहासमोरच चष्म्याचं दुकान होतं. ती धावतच आत शिरली. "स्क्रू पडलाय. पंधरा मिनिटांत होईल?"

"पडलाय कुठे?"

"ते दिसलं असतं तर चष्मा कशाला लागला असता?"

चष्मेवाला हसला. त्यानं डबीतून मोहरीएवढा स्क्रू चिमट्यानं उचलला आणि एका दमात जागेवर बसवला. हात जराही हलला नाही. ती बघतच राहिली... हात बघणं हा तिचा धंदाच होता.

"समोर परीक्षा आहे का कसली?" त्यानं विचारलं.

"पोकरची स्पर्धा. मी खेळते."

"म्हणजे चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्या तुम्ही."

"चेहरा सगळेच सांभाळतात. मी हात बघते. हात थरथरला की समजायचं, पत्ते खरोखर चांगले आहेत."

"भीतीनं नाही थरथरत?"

"थाप मारणारा दगडासारखा बसतो. खरं काही हाती लागलं की माणसाला आवरत नाही."

त्यानं स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. "मग मला आजवर काही लाभलेलंच नाही म्हणायचं."

पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली. चष्मा धडधाकट होता. मग दर सोमवारी येऊ लागली. आदल्या स्पर्धेतले डाव ती वहीत टिपायची. काय पाहिलं, काय वाटलं, काय केलं. ते सगळं ती त्याला काउंटरवर मांडून दाखवायची. सुट्या भिंगांच्या पणाला लावायच्या चकत्या व्हायच्या, पुसायचं फडकं टेबल व्हायचं.

"आणि टाकून दिलेले पत्ते?" त्यानं एकदा विचारलं. "परत उचलता येत नाहीत?"

"उपडे टाकले की संपलं. तेच जिंकणारे होते असं मागाहून कळलं, तरीही."

"फार कठोर आहे गं."

"नियम आहे. नाहीतर जो तो समोरच्याचं बघून मागे फिरेल."

एकदा त्यानं तिची नजर तपासली. "खालची ओळ वाच."

"तू मध्ये उभा आहेस. पाटी कशी दिसणार?"

"मग... पाटी राहू दे."

तो बाजूला झाला नाही, आणि तिनंही हो म्हटलं नाही. बाहेर रिमझिम चालू होती.

आणि मग तिला दूरच्या शहरातून बोलावणं आलं. एक नावाजलेले गुरू तिला आपल्या चमूत घेणार होते, दोन वर्षांसाठी. ती पत्र घेऊन थेट दुकानात आली. वाटेत तिचं ठरलं होतं. हा 'थांब' म्हणाला, तर थांबायचं.

"जाऊ?"

तो काउंटरमागे उभा होता. हात कोटाच्या खिशात. चेहरा शांत. "जा. अशी संधी दारात दोनदा येत नाही."

"एवढंच?"

"स्क्रू ढिला झाला तर तिथेही दुकानं असतील."

ती गेली.

अकरा महिन्यांनी एका मोठ्या स्पर्धेत ती शेवटच्या आठांत पोचली. तिच्या हाती राणीची जोडी होती, टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पत्ते किरकोळ. समोरच्या म्हाताऱ्या खेळाडूनं आपल्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या आणि हात टेबलाखाली घेतले. दुपारची झोप काढून आल्यासारखा त्याचा चेहरा. तिनं खूप विचार केला, एवढा निवांत म्हणजे पत्ते भारीच असं धरलं आणि राण्या उपड्या टाकल्या.

म्हाताऱ्यानं हसत आपले पत्ते उघडले. सत्ती आणि दुर्री. शुद्ध थाप.

"पोरी, तू हात बघतेस हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय," तो म्हणाला. "म्हणून मी दाखवलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन बसली. 'समोरच्यानं हात लपवले. मी चेहऱ्यावर विश्वास ठेवला. पत्ते टाकले.' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. हा डाव आपण आधीही एकदा खेळलोय...

ती हात बघते हे चष्मेवाल्यालाही ठाऊक होतं. तिनंच तर शिकवलं होतं.

मिळेल त्या बसनं ती निघाली.

दुकान तसंच होतं. तो मान वर करून बघतच राहिला. "स्क्रू?"

"ढिला झालाय."

त्यानं चष्मा घ्यायला हात पुढे केला. बोटात अंगठी होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"मागच्या महिन्यात ठरलं. आईनं पाहिली. शाळेत शिकवते. चांगली आहे."

"असेलच." ती स्टुलावर बसली. "एक जुना डाव विचारू? त्या दिवशी हात खिशात का होते?"

तो भिंग पुसत राहिला. स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला. "तुझ्यासमोर बाहेर काढायची सोय होती का?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस. आणि मग दर सोमवारी इथे बसून न खेळलेले डाव मोजले असतेस."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "तिथे चुकलो."

त्यानं चिमट्यात स्क्रू धरला. हात थरथरला, स्क्रू काउंटरवर पडला. त्यानं उचलला. पुन्हा पडला. या वेळी मात्र त्यानं हात लपवले नाहीत.

"ते टाकलेले पत्ते..." त्याचा आवाज खाली आला.

तिचं उत्तर जिभेवर तयार होतं. पण कुठल्याशा शाळेत, फळ्यासमोर, एक चांगली मुलगी उभी होती, आणि तिनं कुणाचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

"नियम अजून तोच आहे," ती म्हणाली. "तिच्यापासून लपवू नकोस हं, हात."

मग तिनं पहिल्यांदाच त्याचं मनगट धरलं. स्क्रू जागेवर बसेपर्यंत घट्ट धरून ठेवलं, आणि सोडलं.

बाहेर ऊन होतं. रस्ता, पाट्या, समोरून येणारे चेहरे, सगळं अगदी लख्ख दिसत होतं. चार पावलं चालून तिनं चष्मा काढला आणि हातात धरूनच पुढे निघाली.