पाठीमागे फुटलेली सुरई

अलेक्झांड्रियातल्या शेवटच्या दिवशी माझं एकच काम उरलं होतं, कॉफी घ्यायचं. मॉन्ट्रियलला कॉफी मिळत नाही असं नाही. पण वेलची घालून डोळ्यांदेखत दळलेली, आणि दळता दळता आपल्या आईच्या आठवणी सांगणाऱ्याने दळलेली, तशी नाही मिळत.

विमान रात्रीचं होतं. माझी धाकटी बहीण कवसर म्हणाली, "दुपारी मला दमनहूरला नणंदेकडे दुखवट्याला जायचंय. संध्याकाळी घरात कुणी नसेल. आपण सकाळीच निरोप घेऊ. बॅग खाली मितवल्लीकाकांकडे ठेव." मितवल्ली म्हणजे इमारतीचा दरवान. मला ते थोडं लागलं. निघताना दारात आपलं कुणीच नसणं बरं दिसत नाही. पण मी बोलले नाही, कारण मी आदल्या रात्रीच्या आनंदात होते.

आदल्या रात्री जेवताना मी मनातलं सांगून टाकलं होतं. नवरा गेला, मुलगा त्याच्या संसारात. वसंतात तिकडचं सगळं आवरून मी कायमची घरी येणार. आई गेल्यापासून तिची समुद्राकडच्या खिडकीची खोली बंदच होती, तिथे राहणार. कवसरने भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तुझंच घर आहे, ताई." हे एक वाक्य ऐकायला मी परदेशात म्हातारी झाले होते.

सकाळी तिने मला मिठी मारली, रडलीही. मी जिना उतरायला लागले. दोन वळणं उतरले असेन, तेवढ्यात वर मातीचं काहीतरी फुटलं. आधी कोरडा आवाज, मग पाणी सांडल्याचा. घरात काही फुटलं की आमच्याकडे म्हणतात, वाईट घेऊन गेलं. मीही जिन्यातून वर हाक दिली, "जाऊ दे गं, वाईट घेऊन गेलं." वरून कडी लागल्याचा आवाज तेवढा आला.

नोव्हेंबरचे दिवस होते. या महिन्यात समुद्रावरून जे वादळ येतं त्याला आम्ही केरसुणी म्हणतो. ते अजून पोचलं नव्हतं, पण वारा गल्ल्या झाडायला लागला होता. ओल्या गिलाव्याचा, शेवाळाचा आणि भाजलेल्या रताळ्यांचा वास सुटला होता. मी मनशियाच्या चौकात हाजी रिदवानच्या दुकानात शिरले. म्हाताऱ्याने मला दारातच ओळखलं.

"राशिदाची थोरली ना तू? अगं, तुझी आई दर गुरुवारी इथे यायची आणि माझा तराजू खोटा आहे म्हणून भांडायची."

"खोटा होताच, हाजी."

"होता," तो हसत म्हणाला, आणि पुडीत मूठभर जास्त टाकली.

दुकानातून बाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागे फुटलं. तसंच. कोरडं, मग ओलं. वळून पाहिलं तर खापऱ्या कुठेच नव्हत्या. पायरी मात्र भिजली होती आणि पाणी माझ्या टाचेपर्यंत आलं होतं. वरच्या गॅलरीतून कुणी काही टाकलं असेल म्हणून मी दोन शिव्या हासडल्या आणि निघाले. कोपऱ्यावर लक्षात आलं, चष्मा काउंटरवर राहिला.

परत गेले. हाजी रिदवानने मान वर केली. "या मॅडम. काय देऊ?"

मला वाटलं थट्टा करतोय. "चष्मा द्या. आत्ता विसरले ना."

त्याने काउंटरवरच्या चष्म्यावर हात ठेवला. "हा एका बाईंचा आहे. माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी."

"हाजी, ती मीच."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, थोडी कीव होती. "नाही हो," तो हळूच म्हणाला. "ती बाई आता परत यायची नाही."

"कशावरून?"

"माहीत नाही... असं वाटलं खरं."

मी चष्मा न घेताच बाहेर पडले. ट्रामने स्टेशनपर्यंत गेले आणि उतरले, तर मागे रुळांवर फुटलं. लहानपणीच्या शाळेच्या फाटकाशी क्षणभर टेकले, निघाले, मागे फुटलं. मी पावलं उचलली की आवाज, आणि वळून पाहिलं की फक्त ओल. शाळेसमोरचा रताळेवाला, ज्याने मला दोनच मिनिटांपूर्वी सून शोधून द्यायला सांगितलं होतं, तो माझ्यातून आरपार बघत होता. भर दिवसा, गर्दीत, माझ्याच गावात मला कुणी ओळखेना.

मग मी बायकांच्या बाजाराकडे जवळजवळ धावत सुटले. त्या अरुंद गल्लीत माझी मैत्रीण सनिया बटणं आणि लेस विकते. आम्ही शाळेपासूनच्या. या खेपेला तिला भेटायचं राहिलं होतं.

"इनायत, मेले, आज उगवलीस होय? विमानाच्या दिवशी?" तिने मला ओढून स्टुलावर बसवलं. त्या मेले शब्दाने मला रडूच आलं. मी सगळं सांगितलं. ती आधी हसत होती. जिन्यातला आवाज सांगितला तशी तिने विचारलं,

"सुरई होती का?"

"मी पाहिली नाही."

"कवसर काल रात्री उशिरा, मी दुकान बंद करताना आली होती. मातीची सुरई कुठे मिळते विचारत होती. मी म्हटलं, फ्रिज बिघडला काय तुझा? हसली नाही..." सनियाने बटणांचा डबा बंद केला. "अगं, भांडखोर भाडेकरू गेला, छळणारा साहेब बदलून गेला, की फोडतात त्याच्यामागे. परत येऊ नये म्हणून. सख्ख्या बहिणीमागे कोण फोडतं?"

"ती असं का करेल?"

"तिच्या लेकाचं, वाएलचं, लग्न ठरलंय ना. तुला सांगितलं नाही? तुझ्या आईची खोली त्या दोघांना द्यायची. उद्या रंगारी येणार आहे."

मी तीन आठवडे त्याच घरात होते. त्या भाच्याच्या हातचा चहा पीत होते. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मला भीती विसरायला झालं, इतका राग आला. तुझंच घर आहे म्हणे.

"मी आत्ताच्या आत्ता तिच्याकडे जाते," मी म्हटलं. "पण सनिया, मी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तू माझं नाव घेत राहा. थांबू नकोस."

"घेते. जा तू."

मी चालायला लागले. पाठीमागून तिचा आवाज येत होता, "इनायत... इनायत... घाबरू नकोस, मी बघतेय... इनायत..." मी मागे न बघता लोकांना ढकलत चालले होते. मग फुटलं. तिचा आवाज थांबला नाही. तोच आवाज, त्याच मायेने म्हणत होता, "या मॅडम, लेस बघा. बटणं बघा..."

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते आणि पाऊस सुरू झाला होता. मितवल्ली आपल्या खोलीच्या दारात बसला होता. त्याच्यामागे माझी निळी बॅग दिसत होती.

"कुणाकडे जायचंय, मॅडम?"

"काका, ती बॅग माझी आहे."

"ती कवसरबाईंच्या बहिणीची. गेल्या त्या."

मी त्याला बाजूला सारून जिना चढले. वर दाराबाहेर लसूण आणि धणे तळल्याचा वास येत होता. दमनहूरला गेलेल्या माणसांच्या घरात स्वयंपाक चालला होता. मी दार ठोठावलं. दारातली काचेची छोटी खिडकी उघडली.

"ताई," कवसर म्हणाली.

तिला का विसर पडला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या एका शब्दाने इतका धीर आला की भांडण क्षणभर बाजूला राहिलं. मग सुटलं. "खोली हवी होती तर सांगायचं होतंस. मी परत फिरले असते. बहिणीच्या गळ्यात पडून रडलीस आणि मागे सुरई फोडलीस?"

"हळू बोल, ताई..."

"का? दमनहूरला ऐकू जाईल?"

ती खिडकीपासून दूर झाली आणि परत आली. दोन्ही हातांत सुरई होती. अख्खी, कोरडी, नवी.

"आणली होती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पण माझा हात धजला नाही गं. ही बघ. मी नाही फोडली."

"मग सकाळी काय फुटलं?"

तिने बोळाच्या टोकाकडे पाहिलं, आईच्या खोलीकडे. खोलीचं दार बंद होतं. दाराखालून पाणी येत होतं आणि कवसरचा झगा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. "दिवसभर फुटताहेत," ती पुटपुटली. "मी पुसतेय... पुसतेय... आत जायचं धाडस नाही."

तेवढ्यात मला ऐकू आलं. त्या खोलीत कुणीतरी मातीच्या भांड्यात पाणी भरत होतं. भांडं भरत आलं की आवाज चढत जातो, तसा तो चढत होता. खिडकीतून आईच्या साबणाचा वास आला.

"दार उघड," मी म्हटलं. "कवसर, मला आत घे. मी हा जिना उतरले तर तूसुद्धा मला ओळखणार नाहीस. मग माझं या गावात कुणी नाही."

तिचा हात कडीवर गेला. मी तो पाहिला.

खोलीतला पाण्याचा आवाज थांबला. आणि त्या बंद दाराआडून, मला लहानपणी झोपवताना जसा यायचा तसाच थकलेला, गोड आवाज आला, "गेली का गं ती?"

कवसर माझ्या डोळ्यांत बघत होती. तिने कडीवरचा हात काढून घेतला.

"हो, आई," ती म्हणाली. "गेली."