ही शिंक माझी नव्हे

"तुमच्या कंबरेतून येतंय," तो म्हणाला.

मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. दारात एक उंच, पावसानं ओला झालेला माणूस उभा. गळ्यात हेडफोन आणि हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना. अँटेनाचं टोक सरळ माझ्याकडे!

"काय म्हणालात?"

"म्हणजे… कंबरेच्या आसपासहून." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सकाळपासून एक खरखर शोधतोय. अख्खं आवार पालथं घातलं. आणि ती… ती इथून येतेय."

खरखर कसली ते मला लगेच कळलं. स्वेटरच्या आत मी विजेवर गरम होणारा पट्टा बांधला होता. बसून बसून कंबर धरते, म्हणून ताईनं आणलेला. आमच्या केंद्रात मोबाईलसुद्धा फाटकावर काढून घेतात. आमची दुर्बीण, म्हणजे जाळीची भली थोरली कढई म्हणा ना, आकाशातल्या रेडिओलहरी इतक्या बारीक ऐकते की आवारात कुणी खेळण्यातला रिमोट दाबला तरी तिचे कान किटतात. आणि मी तिच्या उशाला पट्टा लावून शेक घेत बसले होते.

"तोंड फिरवा," मी म्हणाले.

त्यानं फिरवलं, आणि भिंतीवरची सूचना वाचायला लागला. तीही मोठ्यानं. "आग लागल्यास घाबरून जाऊ नये…"

"मनात वाचा हो!"

मी पट्टा ओढून काढला, बटण बंद केलं. त्यानं हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि चक्क हसला. "गेली खरखर. आता एकदम शांत आहात तुम्ही."

"आमच्या घरी येऊन सांगा हे. कुणी विश्वास ठेवणार नाही."

"बोलवा. येतो."

बघा! पहिल्या भेटीत! मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण हसूच आलं, आणि मग व्हायचं ते झालं.

तो आमचा नवा इंजिनिअर. बाहेरचा गोंगाट शोधून बंद करायचा, हे त्याचं काम, म्हणून आल्या आल्या सगळ्यांनी त्याचं नाव गोंगाटराव ठेवलं. आणि मी काय करते? मी आकाशाच्या शिंका पकडते. हसू नका. कुठेतरी फार फार लांब काहीतरी एकदा जोरात शिंकतं आणि पापणी लवायच्या आत संपतं. त्या शिंकेतले वरचे सूर आमच्याकडे आधी पोचतात आणि खालचे मागून रेंगाळत येतात, म्हणून स्क्रीनवर तिची तिरकी रेघ उमटते. जितकी जास्त तिरकी, तितकी साधारण जास्त लांबची. काही शिंका परत कधीच येत नाहीत. काही मात्र थोडा वेळ जाग्या होतात, दोन-चार शिंकतात आणि पुन्हा गप्प होतात, कदाचित कित्येक वर्षांसाठी. म्हणून एखादी सापडली की लगेच जगभरच्या दुर्बिणींना सांगायचं, तिकडे बघा म्हणून. लोकांना वाटतं मी रात्र रात्र जागते. अहो, आमची दुर्बीण भर दुपारी ऐकते, ढगांतूनही ऐकते. मी साडेपाचला घरी असते.

आता यात एक मेख आहे. आम्ही डुलक्या काढत नाही ना, हे बघायला बाई – म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख – अधूनमधून आकाशाच्या आवाजात गुपचूप खोट्या शिंका मिसळायला लावतात. रेघ बघून मी ठरवायचं, खरी की खोटी. माझा निकाल लागेपर्यंत मिसळणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी 'खोटी' म्हटलं की त्या वेळचा कच्चा आवाज डिस्कवरून पुसला जातो, कारण जागा कमी. आणि शिंक नेमकी कुठून आली हे फक्त त्या कच्च्या आवाजावरूनच काढता येतं.

हे मिसळायचं काम आलं गोंगाटरावांकडे.

त्याची पहिली खोटी मी पकडली आणि लगेच टेबलावरचा फोन उचलला. "गोंगाटराव, ही तुमची."

"कशावरून?"

"फार सभ्य आहे. रुमाल धरून शिंकल्यासारखी. खऱ्या शिंकेवर एवढे संस्कार नसतात."

पलीकडून असं खळखळून हसू आलं की फोन ठेवावासा वाटेना. पुढचीही मी पकडली. त्याच्या पुढचीही. शिंकेचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं, फोन मात्र चालूच.

"जेवलात का?" तो विचारायचा.

"याचा शिंकेशी काय संबंध?"

"उपाशीपोटी निकाल चुकतो."

"माझा चुकत नाही. तुमच्या शिंकाच बावळट असतात."

"एक दिवस अशी शिंक करीन ना, की तुम्ही फसाल."

"वाट बघतेय…" मी म्हणायचे, आणि खरंच वाट बघायचे. सकाळी कामावर जाताना पावलं आपोआप भरभर पडायची. कँटीनमध्ये तो समोरून आला की दोघंही ट्रेकडे बघायचो.

घरी ताईच्या हे लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? ती नर्स आहे, नाडी न धरता ताप ओळखते. जेवताना माझं "गोंगाटराव म्हणाले…" सुरू झालं की भावोजी ताटात बघून हसायचे.

"काही नाही गं ताई, कामाचं बोलणं असतं. शिंक आली की फोन करते, बस्स."

"एखादी आली तर तिला शिंक म्हणतात," ताई म्हणाली. "तुझं रोज चाललंय. सर्दी झालीय तुला, सर्दी."

आणि मग आला तो सोमवार. बाई जिन्यात भेटल्या, घाईत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "गोंगाटरावांनी सुटका मागितलीय माझ्याकडे. दिली मी. मन नसताना कशाला अडकवून ठेवायचं माणसाला?"

त्या खाली गेल्या आणि मी तशीच कठड्याला धरून उभी राहिले. म्हणजे चालला हा. महिनाअखेर असेल. कुठे, कधी, काही सांगितलं नाही! रोज "जेवलात का" विचारणाऱ्याला हे एवढं सांगता येऊ नये?

विचारायचं होतंस, म्हणाल. मी का विचारू? जाणारा तो, सांगायचं त्यानं. मी आठवडाभर त्याला फोन केला नाही. तसं कारणही नव्हतं, एकही शिंक आली नाही. कँटीनमध्ये एकदा तो समोर येऊन थांबला. म्हणाला, "तुमच्याशी जरा बोलायचं होतं…" मी म्हटलं, "घाईत आहे," आणि हातातला चहा न पिताच निघून आले. खोलीत येऊन रडले. नाक लाल झालं, तर शेजारच्या खोलीतला म्हणाला, सर्दी का? वाटलं, त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं.

शुक्रवारी दुपारी स्क्रीनवर रेघ उमटली.

काय रेघ होती! वरपासून खालपर्यंत सलग, सुंदर वळणाची, कुठे तुटलेली नाही. आणि इतकी तिरकी की एवढ्या लांबची मी कधी बघितलीच नव्हती. क्षणभर श्वास अडकला… आणि मग नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी देखणी, इतकी नीटनेटकी शिंक आकाशाची असणं शक्यच नाही. ही त्याची होती. जाता जाता भेट!

मी 'खोटी' दाबलं आणि फोन उचलला.

"ओळखली बरं का. तुमचीच."

"काय?"

"छान जमलीय. फसले असते मी. पण जायचं तर सरळ निरोप घेऊन जावं माणसानं. मागे असल्या भेटी कशाला ठेवता? आम्ही काय, बसतो आपले रेघा बघत…" आवाज फुटलाच माझा.

पलीकडून त्यानं अगदी हळू विचारलं, "शिंक आलीय?"

"आव आणू नका."

"ही शिंक माझी नव्हे."

"गोंगाटराव—"

"अहो, शपथ घेऊन सांगतो. मी मिसळायचं काम सोडलंय. सोमवारी बाईंकडे सुटका मागितली त्यातून. नवा माणूस मिळेपर्यंत मिसळणंच बंद आहे. तुम्हाला ते सांगायची परवानगी नव्हती, नाहीतर परीक्षा कसली?"

"त्या… त्या कामातून सुटका?"

"मग कशातून?"

आणि तेवढ्यात तोच ओरडला, "थांबा! तुम्ही 'खोटी' दाबलंत?"

"हो."

"कच्चा आवाज!"

तोंडचं पाणी पळालं. पुसणं एकदा सुरू झालं की माझ्या टेबलावरून थांबत नाही, मशीनच्या खोलीत जाऊन डिस्क हातानं ओढावी लागते. मी फोन तसाच लोंबकळत टाकून पळाले. बाहेर भुरभुर पाऊस, आवारात चिखल, पायात घरून आणलेल्या सपाता. एक चिखलात राहिली. तो त्याच्या शेडमधून धावत येत होता. माझ्याआधी पोचला, दार खांद्यानं ढकललं, आणि मी आत शिरेपर्यंत डिस्क त्याच्या हातात होती.

"वाचलं का?"

त्यानं ती दुसऱ्या मशीनला जोडली. आम्ही दोघं स्क्रीनवर वाकलो. त्याच्या केसांतलं पाणी माझ्या हातावर टपटपत होतं, आणि मी हात हलवला नाही. सुरुवातीचा थोडा भाग गेला होता. रेघ शाबूत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तिच्यावरून मशीननं जागा काढून दिली, आकाशातला एक इवलासा ठिपका. आता उरलं होतं ते फक्त जगाला कळवणं. संध्याकाळी तो ठिपका आमच्या क्षितिजाखाली जाणार होता. पुढे ऐकायचं तर दुसऱ्यांनीच.

आणि माझा हात बटणावर थबकला. बाई दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या, फोन उचलत नव्हत्या, म्हणून मी नुसता निरोप ठेवला होता. मी कळवलं की कितीतरी दुर्बिणी हातातली कामं टाकून तिकडे वळणार. खोटी निघाली तर? माझ्या नावावरची पहिलीच बातमी. पुन्हा कुणी माझ्या शब्दावर मान वळवली नसती.

"इथलाच गोंगाट नसेल ना?"

"मी सकाळपासून अँटेना घेऊन फिरतोय. आवार चिडीचूप आहे."

"आणि तुम्ही खरंच काम सोडलंय? का पण? छान तर चाललं होतं. मला कारण कळल्याशिवाय मी हे दाबणार नाही."

तो खिडकीकडे बघायला लागला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "कारण… मी मुद्दाम सोप्या शिंका करत होतो. तुम्हाला पटकन सापडाव्यात म्हणून. सापडली की तुमचा फोन यायचा ना…" त्यानं घसा साफ केला. "परीक्षा घेणारा परीक्षा देणारीच्या प्रेमात पडला तर परीक्षेला काय अर्थ? बाईंना असंच सांगितलं. तुम्हाला कँटीनमध्ये सांगणार होतो, तर तुम्ही घाईत."

मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस खोटी शिंक करताना सापडायचाच. खोटं त्याला जमतच नव्हतं.

मी बटण दाबलं.

मग वाट बघणं आलं. तो उभा, मी बसलेली, एका पायात सपात नाही. फोन वाजला तेव्हा दोघंही दचकलो. बाई होत्या. अर्धं तोंड बधिर.

"फाठवलंस का?"

"फाठवलं," मी म्हणाले. बाई, खरंच, चिडवत नव्हते हो मी!

"त्याची नाहीये ती. मी हमी देते. कारण मला सांगता येणार नाही, ते त्यानं—"

"सांगितलं त्यांनी."

"हुश्श!" बाई म्हणाल्या. "फोटात ठेवून ठेवून जीव गेला माझा." आणि फोन ठेवला.

खिडकीबाहेर उजेड कलायला लागला तेव्हा स्क्रीनवर उत्तर आलं. फार लांबच्या, दुसऱ्या खंडातल्या एका दुर्बिणीकडून. मी वाचायला लागले, पण अक्षरं नाचायला लागली, म्हणून त्यानं वाचलं. "पुन्हा शिंकली. तुम्ही सांगितलेल्या जागीच. अभिनंदन."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो असा पडला की मी टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. हसता हसता रडलेही थोडी. त्यानं खिसे चाचपले. रुमाल निघाला, तो चिंब ओला. तरी मी घेतला.

"खरी होती," तो म्हणाला.

"शिंक आणि तुमचं कारण, दोन्ही खरं होतं," मी नाक पुसत म्हणाले. "तू जाणार नाहीयेस, हे तर फारच खरं आहे. मला वाटलं होतं, गेलास आता…"

'तू' म्हणून गेले मी. त्याला ते ऐकू गेलं. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"आणि एक सांगू?" मी म्हणाले. "निकाल कळवायला फोन करायची गरजच नसते. मी बटण दाबलं की तो आपोआप मिसळणाऱ्याच्या स्क्रीनवर येतो."

"माहीत होतं मला. पहिल्या दिवसापासून."

"माहीत होतं? आणि गप्प बसलास?"

"सांगितलं असतं तर तू फोन करणं बंद केलं असतंस," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. त्याचा हात अजून ओला होता, माझाही.