ओल्या लोकरीचा वास

नोव्हेंबरातला तो गुरुवार. स्पेनमधल्या आरो गावात तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. वाइनच्या तळघराचं दार ढकलून एक भिजलेला माणूस आत आला आणि बेगोन्याने वर न बघताच त्याला झापलं.

"नऊला यायचं ठरलं होतं. साडेदहा झाले."

"पाऊस..." तो म्हणाला.

"पाऊस मलाही लागतो. कोट काढ. खुंटीवर बाबांचा जुना स्वेटर आहे, तो चढव. आणि ही मेणबत्ती धर."

त्याने मेणबत्ती धरली.

वर्षातून दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात घ्यायची, म्हणजे तळाचा गाळ मागे राहतो. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने तोटी सांभाळायची. दुसऱ्याने ग्लास ज्योतीसमोर धरायचा आणि गाळाचा पहिला धागा दिसताच 'बस' म्हणायचं. हे 'बस' तीस वर्षं बेगोन्याचे वडील, एमेतेरिओ, म्हणत आले होते. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून तिने रोजंदारीवर माणूस सांगितला होता.

"नाव काय तुझं?"

"लेआंद्रो."

"लेआंद्रो, नाक कशाला खुपसतोस ग्लासात? बघायचंय. हुंगायचं नाहीये."

"सवय आहे."

"वाईट सवय."

"आणखीही आहेत," तो म्हणाला, आणि लगेच, "बस."

तिने तोटी बंद केली. ग्लासात केसाएवढा धागा तरंगत होता. बाबांनाही तो याहून आधी दिसला नसता.

सहा पिंपं झाली. बोलणं कमी आणि बघणं जास्त झालं; ज्योत दोघांच्या मध्ये होती, दुसरीकडे बघायला जागा नव्हती. भिजलेल्या केसांचं पाणी स्वेटरवर गळत होतं आणि लोकरीचा ओला, मेंढरासारखा वास तळघरभर झाला होता.

"मेंढपाळासारखा दिसतोयस," ती हसत म्हणाली.

"तू हसू शकतेस तर."

"गेल्या वर्षापासून हसले नव्हते."

आणि मग तिने सांगून टाकलं. माद्रिदच्या मासिकात मोन्तेस नावाचे समीक्षक बाबांच्या दहा वर्षं मुरलेल्या वाइनला 'म्हातारी' म्हणाले होते. शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण. परदेशी गिऱ्हाइकं एका महिन्यात गेली. यंदाही गुण नव्वदच्या खाली आले, तर बाबा नवी फ्रेंच पिंपं घेणार, सगळे करतात तशी काळी, जाड वाइन करणार. आजोबांनी हाताने जोडलेली ही चाळीस पिंपं मधोमध कापून कुंड्या म्हणून विकायची.

"उद्या येणार आहे त्या मासिकाचा कुणी चाखायला," ती म्हणाली. "माणूस कसा असेल देव जाणे."

लेआंद्रोने मेणबत्तीची वात नीट केली.

एक वाजता एमेतेरिओ आले. बाहेरच्या शेडमध्ये द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्यांची थाळी त्यांनी पिंपावर ठेवली.

"खा रे बाबा, गार होईल," म्हणत ते पुढच्या भाजायला परतले.

तो हलला नाही.

"काय झालं? मांस खात नाहीस?"

"खातो... पण आधी ऐक. उद्या येणारा माणूस मीच. पावसात मिळेल त्या दारात शिरलो. पिंपावरचं नाव वाचलं, तोवर मेणबत्ती हातात होती. आणि मग... ठेववली नाही."

बेगोन्याने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तुम्ही सकाळीच सांगायला हवं होतं."

"हो."

"मग खात का नाही?"

"आमचा नियम आहे. ज्या घरचा घास खाल्ला, त्या घरची वाइन चाखायची नाही. कायमची. नाहीतर आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"तुम्ही नाही चाखली, तर?"

"मोन्तेस येतील."

पावसाचं पाणी जिन्याच्या पायरीवरून ठिबकत होतं.

"वाइन कशी आहे?" तिने विचारलं.

"वासावरून सांगतो, या भागात यंदा यापेक्षा चांगली मला मिळालेली नाही. तू समोर नसतीस तरी हेच म्हटलं असतं."

"आणि एकदा गुण दिले की?"

"पुढेही दरवर्षी मीच. तुमच्या घरी जेवायला बसायचं नाही, कधीच."

दोघंही थाळीकडे बघत होते. मग त्याचा हात पुढे आला. घाईत नव्हे, चुकूनही नव्हे. बोटं एका बरगडीला लागणार, इतक्यात बेगोन्याने थाळी ओढून घेतली.

"बेगोन्या..."

"ती आजोबांची पिंपं आहेत," ती म्हणाली. "नको खाऊस."

त्याने स्वेटर काढून खुंटीवर अडकवला, स्वतःचा ओला कोट घातला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो वहीपेन घेऊन आला, अंधुक डोळ्यांना त्याची ओळख न पटलेल्या एमेतेरिओंसमोर उभ्यानेच वाइन चाखली आणि आभार मानून गेला. बेगोन्या वरच्या खोलीत बसून राहिली.

मे महिन्यात मासिक आलं. एमेतेरिओ भिंगातून मोठ्याने वाचत होते.

"त्र्याण्णव! ऐक. वाळलेली चेरी, जुनं चामडं, तंबाखूचं पान... मेणबत्तीचा किंचित धूर... आणि सगळं विरल्यावरही मागे राहतो तो ओल्या लोकरीचा वास." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ओली लोकर? हा तर दोष झाला. माझ्या वाइनमध्ये मेंढरं कुठून आली?"

"सर्दी झाली असेल त्याला, बाबा."

"मग त्र्याण्णव कशाला दिले?"

ती तळघरात उतरली. चाळीसच्या चाळीस पिंपं जागच्या जागी होती. खुंटीवरचा स्वेटर नोव्हेंबरपासून तिने धुतला नव्हता.

या खेपेला तिने कुणालाही बोलावलं नव्हतं. तिने मेणबत्ती पिंपावर चिकटवली, एका हाताने तोटी उघडली, दुसऱ्या हाताने ग्लास ज्योतीसमोर धरला आणि 'बस' ऐकायची वाट बघत राहिली. वाइन गढूळ होईपर्यंत.